‘लातूर’मधली ‘तूर’ : प्रौढांना वाचायला शिकवणारा संगणक

नांदेडच्या एस. टी. स्थानकावर एखाद्या आजीबाई विचारतात, “बाळा, ही गाडी लातूरला जाते का रे?” पाटी तर समोरच असते! ‘लातूर’ हा शब्द आजींना लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक नाही ती फक्त त्याची आकृती.

लॅटिन शिकू पाहणाऱ्या युरोपातील प्रौढाची अडचण याच्या उलट असते. अक्षरे ओळखीची, पण शब्द परके! म्हणून त्याच्या संगणकाला शब्दार्थ आणि व्याकरण घोटून घ्यावे लागते. आजींजवळ मराठीचे शब्दभांडार आणि व्याकरण आधीच आहे. आवाजाची आकृतीशी गाठ घालून दिली, की त्या वाचू लागतील.

याच विचारातून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या फकीरचंद कोहली यांनी संगणकाधारित साक्षरतेची योजना आखली. नांदेडला लागून निजामाबाद आणि त्यापलीकडे मेदक. त्या मेदक जिल्ह्यात इ. स. २००० मध्ये तेलुगू भाषेत पहिला प्रयोग झाला. पुढे मराठीतही धडे तयार झाले. शब्द राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या पुस्तिकांतले होते आणि जुने संगणकही चालत. सुमारे ४० ते ४५ तासांत साधे वाचन यावे, असे उद्दिष्ट होते.

हे कसे साधते? समजा, पडद्यावर ‘लातूर’ हा शब्द उमटला आणि त्याचा उच्चार ऐकू आला. मग त्याचे तुकडे पडतात : ला, तू, र. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याचा आवाज येतो. ‘ल’ला काना, ‘त’ला दीर्घ उकार. तुकडे पुन्हा जुळतात. असे अनेकदा झाले, की पडद्यावर येते ‘तूर’. हा शब्द कोणी शिकवलेला नसतो, तरी आजी तो वाचतात! आता बाजारातल्या पोत्यावरची अक्षरेही बोलू लागतात.

मोठ्या माणसाला चारचौघांत चुकायची लाज वाटते. संगणक शंभर वेळा तेच सांगतो. कंटाळत नाही, हसत नाही. पूर्ण प्रशिक्षित शिक्षक नसला, तरी गावातला स्वयंसेवक वर्ग चालवू शकतो. मात्र या पद्धतीचा भर वाचनावर आहे. लिहिण्यासाठी हाताला वेगळा सराव लागतोच. शिवाय वीज गेली, की धडा थांबतो!

विद्यार्थी मित्रांनो, २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ या केंद्रीय साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांवरील निरक्षरांना शिकवण्यासाठी विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतात. तुमच्या घरी किंवा शेजारी अशा कोणी आजी, मावशी आहेत का? त्यांच्या रोजच्या बोलण्यातले दहा शब्द कार्डांवर मोठ्या अक्षरांत लिहा. शब्द मोठ्याने म्हणा, कार्ड कापून तुकडे करा, पुन्हा जुळवा. मग त्याच तुकड्यांतून एक नवा शब्द त्यांच्यापुढे मांडा. तो त्यांनी आपण होऊन वाचला, की तुमचा प्रयोग यशस्वी झाला!