हृदयातलं भोक: बुजवायचं की गोळ्यांवर भागवायचं?

चाळिशीच्या आतल्या माणसाला पक्षाघात होतो. रक्तदाब, साखर, मानेच्या धमन्या, सगळं ठीक निघतं. मग इको करताना शिरेतून फेसाळलेलं सलाइन सोडतात आणि त्यातले बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूकडून डावीकडे जाताना दिसतात. ‘हृदयाला भोक आहे’ एवढं कानावर पडलं, की घरचे म्हणतात, ‘लगेच बुजवून टाका.’

इथेच थांबायला हवं. गर्भात फुफ्फुसं कामाला लागलेली नसतात, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात रक्ताला एक आडवाट असते. जन्मानंतर ती मिटते. पण साधारण चौघांतल्या एकाची पूर्ण मिटत नाही. हाच पीएफओ. बहुतेकांना तो असल्याचा आयुष्यभर पत्ताही नसतो. पायाच्या शिरेतली गुठळी या वाटेने मेंदूत पोचू शकते, हे खरं. पण सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या माणसात पीएफओ सापडला, तर तो बहुधा निव्वळ योगायोग.

‘गोळ्या पुरतात, बुजवून फायदा नाही’ हा उलट बाजूचा समज, आणि तो काही डॉक्टरांतही रेंगाळतो. २०१२-१३मधल्या तीन चाचण्यांत ठोस फरक दिसला नव्हता, त्याचा हा परिणाम. २०१७मध्ये चित्र पालटलं. फ्रान्समधल्या ‘क्लोज’ चाचणीत डिव्हाइस बसवण्याच्या गटातल्या २३८ जणांपैकी सुमारे पाच वर्षांत एकालाही पुन्हा पक्षाघात झाला नाही. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांवरच्या २३५ जणांपैकी १४ जणांना झाला. माझ्या मते खरी किमया रुग्णांच्या निवडीत होती: वय १६ ते ६०, दुसरं कारण नाही, आणि वाट मोठी किंवा पडदा फुगीर. अर्थात गोळ्यांवरच्या उरलेल्या २२१ जणांनाही पुन्हा पक्षाघात झाला नाही, हे विसरू नये.

बुजवण्यासाठी छाती उघडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून नळी नेतात. त्यानंतर काहींचे ठोके अनियमित होतात. ‘क्लोज’मध्ये हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं, बहुतेकदा सुरुवातीच्या आठवड्यांत आणि तात्पुरतं. ‘डिव्हाइस बसलं, गोळ्या सुटल्या’ हेही खरं नाही. सुरुवातीचे काही महिने दोन गोळ्या आणि पुढे बहुधा एक चालूच राहते.

गोळ्या निर्धोक, असंही नाही. डिसेंबर २००५मध्ये इस्रायलचे ७७ वर्षांचे पंतप्रधान एरियल शेरॉन यांना सौम्य पक्षाघात झाला, हृदयात लहान भोक सापडलं, रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. भोक बुजवायचं ठरलं ५ जानेवारीला. ४ तारखेच्या रात्री मेंदूत मोठा रक्तस्राव झाला. तो औषधामुळेच झाला का, यावर डॉक्टरांत बराच वाद झाला.

म्हणून तारीख ठरवण्याआधी न्यूरॉलॉजिस्ट आणि कार्डिओलॉजिस्ट दोघांनी मिळून फाइल पाहायला हवी. आणि वय चाळिशीपुढचं असेल, तर काही आठवडे मॉनिटर लावून ठोके तपासायला हवेत. गुठळी अनियमित ठोक्यांमुळे होत असेल, तर भोक बुजवल्याने ती थांबणार नाही.