बिल भरलं, मग योजना आठवली? पाच लाखांच्या मोफत उपचारांचं गणित समजून घ्या

कोल्हापूर : शाहूवाडी किंवा भुदरगडमधून हार्ट अटॅकचा पेशंट शहरात आणला की नातेवाईकांची पहिली धावपळ पैशांसाठी होते. कुणी दागिने गहाण ठेवतं, कुणी पाहुण्यांना फोन लावतं. रेशन कार्ड मात्र घरीच राहतं. नुकसान इथेच होतं.

योजना काय आहे?
राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत, तर नोव्हेंबर २०१३ मध्ये कोल्हापूरसह राज्यभर सुरू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कवच होतं. २०१७ मध्ये तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं. १ जुलै २०२४ पासून कवच पाच लाखांचं झालं आणि पांढरं रेशन कार्ड असलेलेही पात्र ठरले.

अडतं कुठे?
योजना कॅशलेस आहे. उपचाराचे पैसे थेट हॉस्पिटलला मिळतात, पेशंटला नाही. त्यामुळे आधी बिल भरून नंतर पैसे परत मागता येत नाहीत. शिवाय पाच लाख संपूर्ण कुटुंबासाठी आहेत. यादीतले उपचार आणि योजनेतलं हॉस्पिटल, दोन्ही जुळावं लागतं.

काय करावं?
भरती होतानाच हॉस्पिटलमधल्या ‘आरोग्यमित्रा’ला भेटावं. रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं. सीपीआरमध्येही ही योजना लागू आहे. इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागदपत्रं नंतर देता येतात.

हेल्पलाइन : १५५३८८