सुरीनामचं स्वप्न आणि जोयड्याचा वाटाड्या

जे. पी. नगरच्या या खोलीतून आपण नकाशावरच्या कमी ओळखीच्या जागांबद्दल बोलत असतो. आज ज्या देशाचं नाव घेणार आहे तो दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात लहान सार्वभौम देश, सुरीनाम. आणि त्याच्या निमित्ताने बोलणार आहे आपल्या घराजवळच्या एका तालुक्याबद्दल. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: अनोळखी जंगलात आपल्याला कोण घेऊन जातं, आणि त्याने काय फरक पडतो?

आधी सुरीनाम. नव्वद टक्क्यांहून जास्त भूभागावर जंगल, लोकसंख्या सहा लाखांच्या थोडी वर. बहुतेक वस्ती किनाऱ्यालगत. राजधानी पारामारिबोमध्ये एका रस्त्यावर मशीद आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ शेजारी शेजारी उभं आहे. 1975 पर्यंत तिथे डचांचं राज्य होतं. डचांनी आधी आफ्रिकेतून गुलाम आणले. गुलामगिरी संपल्यावर कलकत्त्याहून मजूर नेले. 'लाला रूख' नावाचं पहिलं जहाज फेब्रुवारी 1873 मध्ये निघालं आणि 5 जूनला तिथे पोचलं. 1916 पर्यंत सुमारे 34 हजार माणसं गेली, बहुतेक भोजपुरी आणि अवधी बोलणारी. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही सरनामी नावाची बोली बोलतात. पुढे जावा बेटावरूनही मजूर आले. मूळ आदिवासी तर आधीपासूनचेच.

किनारा सोडून आत जायचं तर रस्ते लवकरच संपतात. पुढे होडी किंवा छोटं विमान. त्या आतल्या भागात मळ्यांवरून पळून गेलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज राहतात. त्यांतल्या सारामाका लोकांशी डचांना 1762 मध्ये तह करावा लागला, कारण जंगलात त्यांना हरवणं जमेना. म्हणून तिथे वाटाड्या घेऊन फिरणं याला सोयीपलीकडचा अर्थ आहे. ज्याच्या गावातून तुम्ही जाता, त्याच्या पाहुणेपणाने तुम्ही जाता.

आपल्याकडचं सुरीनाम

आता नकाशा आपल्याकडे सरकवू. बेंगळुरूपासून साधारण साडेचारशे किलोमीटर, बेळगावहून दोन-अडीच तास: उत्तर कन्नड जिल्हा, ज्याला आपण जुन्या सवयीने कारवार जिल्हा म्हणतो. जोयडा, हल्याळ, कारवार ही नावं मराठी वाचकाला सीमाप्रश्नाच्या बातम्यांमुळे माहीत आहेत. दांडेली माहीत आहे ती रिसॉर्ट आणि राफ्टिंगमुळे. पण या जंगलात राहतं कोण, हे फार थोड्यांना माहीत असतं.

जोयड्यात कुणबी आहेत. घरी कोकणी-मराठी, अंगणामागे कंदांची लागवड. जोयड्यात कंदांचा मेळा भरतो, तेव्हा एकाच मांडवात किती जातींचे कंद दिसतात ते बघून थक्क व्हायला होतं. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत धनगर गवळी आहेत. म्हशी पाळणारे, आणि त्यांची बोली म्हणजे जुन्या वळणाची मराठी. यल्लापूर-शिरसीकडे हव्यकांच्या सुपारीच्या बागा. अंकोल्याकडे हालक्की वक्कलिग. झाडांची जाण असलेल्या तुळशी गौडा आणि गाण्यांचं भांडार असलेल्या सुक्री बोम्मगौडा, या दोघी पद्मश्री विजेत्या त्याच समाजातल्या. मुंडगोडला 1966 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, तिथे गांदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ आहेत.

आणि सिद्दी. पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीज आणि अरब व्यापाऱ्यांनी आणलेल्या माणसांचे वंशज. काहींना मुक्त केलं गेलं, काही गोव्यातून पळून या घाटांतल्या जंगलात शिरले. सारामाकांची गोष्ट आठवली ना? तीच गोष्ट, फक्त महासागर वेगळा. सिद्दींमध्ये हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरात कोकणी-मराठी मिसळलेली बोली, बाजारात कन्नड. 2003 मध्ये या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2020 मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेचे सदस्य झाले, या समाजातले पहिले.

साम्य इथेच संपत नाही. सुरीनाममध्ये 1964 साली अॅल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून अफोबाका धरण बांधलं आणि सारामाकांची गावं पाण्याखाली गेली, हजारो माणसं उठली. आपल्याकडे काळी नदीवर गणेशगुडीजवळ सुपा धरण झालं, 101 मीटर उंच. त्यात सुपा हे तालुक्याचं गावच बुडालं. तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. दांडेलीत आपण ज्या पाण्यावर राफ्टिंग करतो ते त्या धरणाच्या वीजघरातून सुटलेलं पाणी. नदीला पाणी आहे की नाही, हे तिथे पावसापेक्षा वीज मंडळ ठरवतं. ही गोष्ट होडीतल्या पर्यटकाला सांगणारा कुणीतरी असावा लागतो.

वाटाड्या नक्की काय करतो

लष्करात एक गोष्ट लवकर कळते. नवीन मुलुखात नकाशा तुम्हाला उंची सांगतो, उतार सांगतो, पण काल काय बदललं ते सांगत नाही. ते सांगतो तिथला माणूस. 1999 साली बटालिकच्या डोंगरात घुसखोर आहेत हे पहिल्यांदा लक्षात आलं ते ताशी नामग्याल या मेंढपाळाच्या. हरवलेला याक शोधायला गेला होता तो. रोजचा डोंगर त्याला पाठ होता, म्हणून वेगळं काही दिसताच खटकलं.

जंगलातला वाटाड्या हेच करतो. तीन उदाहरणं देतो.

पहिलं धनेशाचं. दांडेलीच्या जंगलात धनेशाच्या चार जाती दिसतात, त्यात महाधनेशही आहे. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. नर फळं आणून तिला आणि पिल्लाला भरवतो. ढोलीसमोर कॅमेरे लावून माणसं उभी राहिली की नर जवळ येत नाही, आणि आत उपास घडतो. बाहेरून आलेल्या चालकाला तुमचा फोटो महत्त्वाचा, कारण तुम्ही उद्या जाणार. गावातल्या वाटाड्याला ती ढोली महत्त्वाची, कारण पुढच्या वर्षी त्याला तिथेच पाहुणे आणायचे आहेत. तो तुम्हाला लांब उभं करेल. रागावू नका.

दुसरं माकडतापाचं. हा आजार 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. गोचिडीमुळे पसरतो. उत्तर कन्नडमधल्या सिद्दापूर भागात त्याचे रुग्ण आढळतात, आणि 2016 पासून आपल्या दोडामार्ग तालुक्यातही. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलींचा हंगाम. कुठल्या रानात मेलेलं माकड सापडलं, कुठली पायवाट सध्या टाळायची, हे तिथल्या माणसाला आधी कळतं. तुम्ही पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, डेपा तेल मिळालं तर हातापायांना लावा. हे तेल डीआरडीओच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने मुख्यतः जवानांसाठी तयार केलेलं. आणि परतल्यावर ताप आला, तर 'मी जंगलात गेलो होतो' हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

तिसरं माणसांचं. सिद्दी माणूस दिसला की आपल्यातले काही जण मोबाइल काढतात, इंग्रजीत विचारतात, 'तुम्ही कुठले?' तो उत्तर देतो कोकणीत किंवा मराठीत, आणि विचारणारा ओशाळतो. त्याची कितवी तरी पिढी इथे आहे. आपण जे. पी. नगरात येऊन तीस वर्षं झाली की स्वतःला बेंगळुरूकर म्हणतो. त्याला किती शतकं लागावीत? त्यांचं धमामी नृत्य घरच्या सणाचं आहे. रिसॉर्टच्या शेकोटीभोवती ते मागवायचं असेल, तर नाचणाऱ्यांच्या हातात काय पडतं ते आधी विचारा. सिद्दी वाटाड्या बरोबर असेल तर बघ्याचा पाहुणा होतो. एवढा फरक पडतो.

निवडताना काय विचाराल

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आतल्या भागात आपल्या मनाने फिरता येत नाही. वनखात्याने मान्य केलेली जीप, ठरलेली वेळ, ठरलेला मार्ग. ते पाळायचंच. 'आतून नेतो' म्हणणाऱ्याला हात जोडा. पण सफारीबाहेरही खूप आहे: गावातली पायवाट, कंदांचं परसू, गवळ्याचा वाडा, मुंडगोडचा मठ. त्यासाठी आरक्षण करताना चार प्रश्न विचारा. वाटाड्या कोणत्या गावचा? त्याला दिवसाचे किती मिळतात? जेवण कुणाच्या घरचं? आणि कुणी आजारी पडलं तर जवळचा दवाखाना किती लांब? पहिल्या प्रश्नालाच समोरचा अडखळला, तर दुसरीकडे फोन करा. मोबाइलला तिथे बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, म्हणून हे प्रश्न घरूनच विचारून घ्यायचे.

हे आत्ताच का सांगतोय

कारण वाटाडे कमी होत जाणार आहेत. व्याघ्र प्रकल्पातून गावं बाहेर काढण्याची योजना सुरू आहे. कायद्याप्रमाणे ती ऐच्छिक आहे, ग्रामसभेची संमती लागते, आणि केंद्राच्या योजनेत कुटुंबाला 15 लाखांची मदत आहे. ज्या घरातून शाळा आणि दवाखाना काही तासांवर आहे, त्या घराने ती घेतली तर त्याला नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही. पण ज्याला राहायचं आहे त्याचं काय? 2006 च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. इतरांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास. गोव्यातल्या कुणब्यांना 2003 मध्ये जमातीचा दर्जा मिळाला. सीमेच्या या बाजूचा जोयड्याचा कुणबी तो अजून मागतो आहे. डोंगर एक, बोली एक, कंद एकच. कागद मात्र वेगळा. रानात राहणाऱ्या माणसाने 75 वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा?

सारामाकांनी हाच प्रश्न आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात नेला आणि 2007 मध्ये निकाल मिळवला: त्यांच्या जमिनीवर मोठा प्रकल्प आणायचा तर त्यांची संमती हवी. अंमलबजावणीची भांडणं पुढेही चालू राहिली, पण त्यांचं नाव त्या निकालावर आहे.

पर्यटकाच्या हातात कायदा नसतो. पण पैसा कुठे जावा, हे असतं. गावातल्या पोराला वाटाड्या म्हणून वर्षातून चार महिने काम मिळालं, तर दांडेलीत किंवा हुबळीत वॉचमन व्हायच्या आधी तो एकदा विचार करतो. जंगल त्याच्या तोंडून ऐकायला मिळेल तोवरच ते आपल्याला कळेल. नंतर उरतील झाडं आणि त्यांच्या नावांच्या पाट्या.

सुरीनामला जरूर जा, वय आणि खिसा साथ देत असेल तर. फक्त त्याआधी दोन रात्री जोयड्याला काढा. तिथल्या वाटाड्यामागे नीट चालायला शिकलात, तर सारामाकांच्या होडीत कसं बसायचं हे वेगळं शिकावं लागणार नाही.