एका अक्षराचा बदल आणि रक्ताचा आजार : डीएनएतील संदेशापासून प्रथिनापर्यंत

सिलतरा (रायपूर, छत्तीसगड) : रायपूर-बिलासपूर मार्गावरील सिलतरा हे स्पंज आयर्न आणि पोलाद कारखान्यांसाठी ओळखले जाणारे औद्योगिक क्षेत्र आहे. भट्टीच्या उष्णतेत काम करणाऱ्या श्रमिकाला घाम येणे आणि तहान लागणे स्वाभाविक होय. मात्र सिकलसेल आजाराच्या रुग्णासाठी शरीरातील पाण्याची हीच घट हाडे, सांधे आणि छातीतील असह्य वेदनांचे निमित्त ठरू शकते. छत्तीसगड आणि त्याला लागून असलेला विदर्भ हे देशातील सिकलसेलच्या प्रमुख पट्ट्यात मोडतात. या आजाराचे मूळ डीएनएमधील अवघ्या एका अक्षराच्या बदलात आहे. डीएनए आनुवंशिक माहिती कशी वाहून नेतो आणि तिच्या आधारे प्रथिने कशी तयार होतात, हे समजण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.

चार अक्षरांची लिपी

डीएनए हा पेशीकेंद्रातील दुपदरी, पीळदार रेणू आहे. जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये त्याची रचना मांडली. ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक घटकांच्या क्रमात त्यातील माहिती साठवलेली असते. ए ची जोडी टी शी, तर जी ची सी शी जुळते. त्यामुळे एका पदरावरून दुसरा पदर तंतोतंत तयार करता येतो आणि पेशी विभागताना माहितीची प्रत पुढे जाते. मानवी डीएनएच्या एका संचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असून, प्रथिनांसाठीची जनुके सुमारे २० हजार आहेत.

संदेशापासून प्रथिनापर्यंत

जनुक म्हणजे डीएनएवरील ठरावीक मजकूर. प्रथिन हवे असते तेव्हा त्या मजकुराची नक्कल संदेशवाहक आरएनएच्या रूपात केली जाते. हा आरएनए पेशीकेंद्राबाहेर येतो आणि रायबोसोम हा पेशीतील घटक त्यातील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचतो. प्रत्येक गटानुसार एक अमिनो आम्ल साखळीत जोडले जाते. साखळी पूर्ण झाली की ती विशिष्ट आकारात दुमडून प्रथिन बनते. कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ कोणते अमिनो आम्ल, हा संकेत उलगडण्याच्या कार्यासाठी भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांना मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांच्यासमवेत १९६८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक अक्षर बदलते तेव्हा

रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा ग्लोबिन नावाची १४६ अमिनो आम्लांची साखळी असते. तिचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. या जनुकात ‘जीएजी’ या गटाऐवजी ‘जीटीजी’ आले, की साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसते. उर्वरित १४५ अमिनो आम्ले जशीच्या तशी असतात.

तथापि एवढा बदलही पुरेसा ठरतो. प्राणवायू सोडल्यानंतर असे हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून कडक तंतू तयार करतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून वेदना निर्माण करतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी साधारण १० ते २० दिवसांतच नष्ट होते. परिणामी रक्तक्षय होतो. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार असल्याचे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलते, हे व्हर्नन इंग्रॅम यांनी त्यानंतर काही वर्षांतच शोधले.

दोष कोणा एकाचा नाही

प्रत्येकाला बीटा ग्लोबिन जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असलेली व्यक्ती ‘वाहक’ होय. ती बहुधा निरोगी असते आणि चाचणीशिवाय तिला याची कल्पनाही नसते. दोन्ही जोडीदार वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निर्दोष मिळण्याची २५ टक्के असते. पहिले मूल निरोगी जन्मले, तरी पुढच्या वेळी हे प्रमाण बदलत नाही. अशा दांपत्याच्या अपत्याला आजार होतो तेव्हा एक प्रत आईची आणि एक वडिलांची असते. त्यामुळे केवळ मातेला दोष देण्यास विज्ञानात कोणताही आधार नाही. हा आजार स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने पसरत नाही.

हिवतापाच्या प्रदेशांत वाहकांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. त्यामुळेच हे जनुक अशा भागांत पिढ्यान् पिढ्या टिकून राहिले.

उपचार आणि चाचणी

रक्त दिल्याने रुग्णाला आधार मिळतो, परंतु आजार मुळातून जात नाही. परिपक्व तांबड्या पेशीत डीएनए नसतो; सदोष आज्ञा अस्थिमज्जेतील मूलपेशींमध्ये कायम असते. म्हणूनच अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा बरा करणारा उपाय मानला जातो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवून वेदनांचे झटके कमी करते. मूलपेशींतील जनुक संपादित करणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली असली, तरी तो अत्यंत खर्चिक आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंत सिकलसेल ही सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून संपुष्टात आणणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. प्राथमिक चाचणीत दोष आढळल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीने रुग्ण आणि वाहक यांतील फरक निश्चित होतो.

रुग्णाने भरपूर पाणी पिणे, अतिश्रम व तीव्र उष्णता टाळणे आणि वैद्यकीय सल्ल्याशिवाय लोहाच्या गोळ्या न घेणे हिताचे असते. विवाहापूर्वी किंवा गरोदरपणाच्या प्रारंभी केलेली रक्तचाचणी दांपत्याला पुढील निर्णय माहितीच्या आधारे घेण्याची संधी देते. डीएनएमधील ते अक्षर स्वतःहून बदलता येत नाही. मात्र ते वेळीच वाचता येते.