प्रीमियर पद्मिनीचे अंतरंग व दिवे : उत्पादन थांबलेल्या मोटारीच्या सुट्या भागांची पुनर्निर्मिती

प्रस्तावना

मुंबईतील शेवटच्या 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. टॅक्सीसाठी ठरविलेली 20 वर्षांची मर्यादा पूर्ण होताच, 30 ऑक्टोबर 2023 पासून काळ्या-पिवळ्या रंगातील ही मोटार महानगराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे निवृत्त झाली. वृत्तपत्रांनी या घटनेकडे प्रामुख्याने स्मरणरंजनाच्या अंगाने पाहिले. तथापि, खासगी मालकीची पद्मिनी जिथे आजही जपली जाते, तिथे प्रश्न निराळा आहे. तुटलेल्या टेललाइटची लाल काच, उन्हाने तडकलेला डॅशबोर्ड, फाटलेली गादी हे भाग आता आणावयाचे कोठून? मालक मुंबईचा असो वा अकोल्याच्या जुन्या शहरातील, कारखान्याची दारे त्याला सारखीच बंद आहेत. प्रस्तुत लेखात अंतर्गत सजावट व प्रकाशयोजना या दोन अंगांच्या सुट्या भागांची पुनर्निर्मिती कशी होते, व ती कोठे फसते, याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

सोलापुरात 1882 साली जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीशी झालेल्या करारान्वये मोटारी तयार होऊ लागल्या. 1964 पासून येथे तयार होणारी 'फियाट 1100 डिलाइट' 1972 मध्ये 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि 1974 पासून तीच 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. 1089 घन सेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरील गिअर आणि पुढे एकसंध बाक ही तिची परिचित लक्षणे. शतकाच्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले.

इंजिनाचा झिजलेला भाग कुशल कारागीर लेथवर घडवू शकतो. धातू तोच, मापही तेच. अंतरंगाचे व दिव्यांचे भाग मात्र मुख्यतः प्लॅस्टिक, रबर, काच आणि कापड यांचे असतात, आणि त्यांचा जन्म महागड्या साच्यांतून झालेला असतो. साचा मोडीत गेला की वस्तूही संपते. शिवाय हे पदार्थ केवळ वापराने झिजत नाहीत. गाडी घराबाहेर पडली नाही तरी ते कालमानाने जीर्ण होत जातात.

अंतरंग : उष्णतेशी झुंज

अकोल्याचा उन्हाळा हा या विषयातील एक स्वतंत्र घटक मानावा लागेल. पारा 45 अंशांपलीकडे जाणाऱ्या गावात उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीच्या डॅशबोर्डचा पृष्ठभाग 70 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत सहज तापतो. अलीकडे त्रिमितीय छपाईचे यंत्र हाताशी आल्यामुळे अनेक हौशी मालक वातझडपेची जाळी किंवा काच खाली-वर करण्याच्या हँडलची मूठ छापून घेतात. त्यासाठी वापरला जाणारा सर्वांत स्वस्त पदार्थ म्हणजे पीएलए. परंतु तो 60 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो. पुण्याच्या थंडीत उत्तम बसलेला भाग वऱ्हाडच्या मे महिन्यात मेणासारखा वाकतो. एबीएस हा पदार्थ सुमारे 100 अंशांपर्यंत आकार टिकवतो. त्याचाच भाऊबंद असलेला एएसए अतिनील किरणांनाही अधिक दाद देत नाही. म्हणून येथे निवड किमतीवर नव्हे, तर उष्णतासहिष्णुतेवर व्हावयास हवी.

दुसरी अडचण आकुंचनाची. जुन्या भागावरून सिलिकॉन रबराचा साचा घेऊन त्यात राळ ओतणे ही सर्वांत सुलभ पद्धत आहे. पण पॉलिस्टर राळ घट्ट होताना आकारमानाने सुमारे 6 ते 8 टक्के आक्रसते. लांबीत हे आकुंचन स्थूलमानाने 2 टक्के भरते, म्हणजे 300 मिलिमीटर लांबीच्या पट्टीत तब्बल 6 मिलिमीटरचा फरक. काचतंतू मिसळल्यास तो बराच कमी होतो, तरीही खाचा आणि खिळ्यांची भोके जुळेनाशी होण्याइतका उरतो. त्यात नमुना म्हणून घेतलेला मूळ भागही चाळीस वर्षांत वाकलेला वा आक्रसलेला असतो. त्याची हुबेहूब प्रतिकृती म्हणजे दोषाचीही प्रतिकृती. जाणता कारागीर एका नमुन्यावर विसंबत नाही. तो डावी-उजवी जोडी ताडून पाहतो, गाडीच्या पत्र्यावरील भोकांमधील अंतर मोजतो आणि पत्र्याचे माप प्रमाण मानतो. पत्रा गंजतो, पण आक्रसत नाही.

गादीच्या बाबतीत मात्र कापसाच्या मुलखाला परंपरेचा आधार आहे. जुन्या आसनाची रचना अशी : तळाला स्प्रिंगांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा कापसाचा थर आणि सर्वांत वर रेक्झिन. ही रचना गादीवाल्याला परकी नाही. गुठळ्या झालेला कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. गोणपाट बदलता येते. परंतु कापूस घाम व दमटपणा धरून ठेवतो, त्यामुळे खालच्या स्प्रिंगा गंजतात. विडीची ठिणगी पडल्यास तो ज्वाळा न दाखविता आतल्या आत धुमसत राहतो, हा त्याहून गंभीर दोष. वाहनांच्या अंतर्गत साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी 'आयएस 15061' हे भारतीय मानक आहे. नवीन फोम व आवरण घेताना विक्रेत्याकडे त्याची विचारणा करणे इष्ट होय.

रेक्झिन कडक होऊन तडकते, त्याचे कारण रासायनिक आहे. मुळात ताठ असलेल्या पीव्हीसीला मऊपणा आणण्यासाठी त्यात जो द्रव मिसळलेला असतो, तो उष्णतेने हळूहळू बाहेर पडतो. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस साचणारा तेलकट धुरकट थर बऱ्याच अंशी त्याचाच असतो. हा द्रव एकदा उडाला की कोणतेही पॉलिश तो परत आणू शकत नाही.

दिवे : सौंदर्यापेक्षा सुरक्षा

आसन चुकीचे बसले तर पाठ दुखते. दिवा चुकला तर समोरचा माणूस मरू शकतो. या भागांच्या पुनर्निर्मितीत हौशीपणाला फारसा वाव नाही, तो यासाठीच.

टेललाइटच्या लाल भिंगाची बाहेरची बाजू गुळगुळीत असते व प्रकाश पसरविणाऱ्या रेषा आतल्या बाजूस असतात. त्यामुळे साचा दोन भागांचा लागतो. स्वच्छ एपॉक्सी राळ ओतून केलेले भिंग पहिल्या दिवशी मोहक दिसते, पण उन्हाने पिवळट होत जाते. ॲक्रिलिक अतिनील किरणांना चांगले तोंड देते. त्याची चादर सुमारे 160 अंशांपर्यंत तापवून निर्वाताच्या साहाय्याने साच्यावर ओढता येते. मात्र या पद्धतीत आतल्या बारीक रेषा पुसट उमटतात. अनेक टेललाइटच्या भिंगातच रात्री परतप्रकाश देणारा भाग अंतर्भूत असतो. त्यातील सूक्ष्म घनकोन परस्परांशी काटेकोर 90 अंशांत असावे लागतात. ओतकामात हा कोन किंचित जरी ढळला, तरी मागून येणाऱ्या वाहनाकडे प्रकाश परतत नाही, आणि दिवसा पाहणाऱ्याला हा दोष दिसतही नाही. यावर प्रामाणिक उपाय एकच. घरगुती भिंगावर विसंबू नये, प्रमाणित परावर्तक स्वतंत्रपणे बसवावा.

नवा दिवा बसवूनही तो पेटत नाही, ही नित्याची तक्रार. जुन्या मोटारीत दिव्याचे परतीचे विद्युतमंडल बहुधा धातूच्या घरातून गाडीच्या पत्र्यात जाऊन पूर्ण होते. घर प्लॅस्टिकचे केले की मंडल तुटते. तेथे स्वतंत्र तार ओढणे आवश्यक ठरते. एलईडी दिव्यांची गंमत आणखी वेगळी. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल अंश तुलनेने कमी असल्याने लाल भिंगामागे तो मंद भासतो. तेथे लाल एलईडीच हवा. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 1.75 ॲम्पिअर प्रवाह घेतो, आणि जुना तापतारेचा फ्लॅशर या प्रवाहावरच लुकलुकतो. एलईडी अत्यल्प प्रवाह घेतो, म्हणून लय बिघडते किंवा दिवा एकसारखा पेटून राहतो.

हेडलाइटच्या बाबतीत परदेशातून मूळ इटालियन भाग मागविण्याचा मोह होतो. तो टाळावा. इटलीत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. तेथील असममित डिप किरणझोत उजव्या कडेला वर उचललेला असतो. तेच भिंग भारतात बसविल्यास तो उंचावलेला झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अस्सल म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेली वस्तू येथे अधिक घातक ठरते. परावर्तकाची चकाकी गेली असल्यास निर्वातात ॲल्युमिनिअमचा मुलामा देऊन घ्यावा. चंदेरी रंग फासणे निरुपयोगी, कारण तो प्रकाश नियंत्रितपणे परतवीत नाही, विखुरतो. मंद प्रकाशावर 100 वॅटचा बल्ब हा उपायही रिले नसलेल्या जुन्या वायरिंगमध्ये स्विच जाळणारा आहे. मूळ वॅटचा बल्ब, नवी तार आणि रिले एवढ्याने बहुतेक काम होते.

कायदेशीर चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये झालेल्या सुधारणेनुसार, प्रथम नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली व चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पहिल्या पद्मिनींनी 2024 मध्ये ही वयोमर्यादा गाठली. परंतु या नोंदणीची गाडी दैनंदिन वा व्यावसायिक वापरासाठी नसते. 1980 आणि 1990 च्या दशकांतील पद्मिनींना तर ही सवलत नाहीच. 15 वर्षांनंतर त्यांना नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी वाहनाची तपासणी होते आणि त्या तपासणीत दिवे पाहिले जातात. एका तडकलेल्या भिंगावर संपूर्ण गाडीचे भवितव्य अडू शकते ते असे.

प्रतिकृती विकण्यास अडसर आहे काय? डिझाइन अधिनियम, 2000 अन्वये नोंदणीकृत आकाराला 10 व वाढवून आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. पद्मिनीच्या आकारांचा तो काळ केव्हाच उलटला. नाममुद्रेचे मात्र तसे नाही. तिचे नूतनीकरण होत राहू शकते. त्यामुळे विनाचिन्ह भिंग करून विकणे आणि त्यावर कंपनीचे नाव उमटवून ते मूळ म्हणून विकणे, या दोहोंत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

या संदर्भात कारागिरांनी एक साधी पद्धत पाळण्याजोगी आहे. भागाच्या न दिसणाऱ्या बाजूस साच्यातच निर्मितीचे वर्ष व पदार्थाचे नाव कोरावे. पुढे तोच भाग कोणी नमुना म्हणून हाती घेतला, तर तो कुर्ल्याचा नाही हे त्याला तत्काळ कळेल, आणि आकुंचनाचा हिशेब दुसऱ्यांदा चुकणार नाही.