सहनिवासातील बिअर्डेड ड्रॅगन : आकस्मिक आक्रमकतेची वर्तनशास्त्रीय मीमांसा

प्रास्ताविक :

सरपटणारे प्राणी घरी पाळण्याचा छंद अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांत गेल्या काही दशकांत चांगलाच रुजला आहे. या छंदात बिअर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्याला विशेष पसंती मिळते. माणसाच्या हातावर निश्चिंतपणे बसून राहणारा, दिवसा जागा असणारा आणि सहसा न चावणारा असा हा प्राणी आहे. मात्र त्याच्या पालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. दोन पिल्ले एकत्र आणली, एकाच काचपेटीत वाढविली. ती एकमेकांच्या अंगावर पहुडत असत. आणि एके दिवशी सकाळी पाहावे तो एकाची शेपटी रक्ताळलेली, पायाचे बोट तुटलेले आणि दुसऱ्याची दाढी काळीकुट्ट. 'इतके दिवस गुण्यागोविंदाने राहणारे हे जीव अचानक वैरी कसे झाले?' असा प्रश्न प्राणिपालकाला पडतो. या प्रश्नातील 'अचानक' हा शब्द कितपत खरा आहे, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ अधिवास व जीवनपद्धती :

पाळीव बिअर्डेड ड्रॅगन म्हणजे बहुतांशी पोगोना विटिसेप्स ही जाती होय. अगॅमिडी या कुळातील हा सरडा पूर्व व मध्य ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागात आढळतो. पूर्ण वाढलेल्या प्राण्याची शेपटीसह लांबी साधारणतः ४० ते ६० सेंटिमीटर भरते. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी सरपटणाऱ्या प्राण्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपासून बंद ठेवली आहे. त्यामुळे इतर देशांत विकले जाणारे प्राणी हे पूर्वी बाहेर गेलेल्या मोजक्या प्राण्यांचे बंदिवासात पैदास झालेले वंशज आहेत. अनेक पिढ्या माणसाच्या सान्निध्यात गेल्याने ते माणसाला सरावले. परंतु स्वजातीयाशी वागण्याची त्यांची रीत मात्र मूळचीच राहिली. प्राणिपालकांचा गोंधळ होतो तो नेमका येथे.

निसर्गात हा प्राणी एकांडा असतो. पडलेले ओंडके, झाडाची फांदी, शेताच्या कुंपणाचा खांब अशा उंच जागी ऊन खात बसावे आणि तेथूनच भोवतालच्या हद्दीवर नजर ठेवावी, असा प्रौढ नराचा दिनक्रम. उंचवट्याची ही जागा दुहेरी मोलाची असते. तेथून शरीराला आवश्यक ती उष्णता मिळते आणि प्रतिस्पर्ध्याला दुरूनच आपले अस्तित्व दाखविता येते.

संकेतांची भाषा :

या सरड्यांचे संकेत आपल्याला सर्वस्वी अपरिचित नाहीत. आपल्याकडे बागेच्या कुंपणावर मान लालभडक करून जोर काढणारा सरडा याच अगॅमिडी कुळातील आहे. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याचा रंगीत पंखा उघडून मादीला आकर्षित करणारा आणि प्रतिस्पर्ध्याला इशारा देणारा सरडाही त्याच कुळातील. २०१६ साली या पंखधारी सरड्यांसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापन झाली, तेव्हा संशोधकांनी तिला मराठी शब्दावरूनच 'सरडा' हे नाव दिले, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

बिअर्डेड ड्रॅगनचा नर मान वेगाने वरखाली हलवितो, गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवितो व ती काळी करतो, जबडा उघडतो आणि अंग चपटे करून मोठा भासू लागतो. याउलट दुबळा प्राणी पुढचा एक पाय उचलून सावकाश गोलाकार फिरवितो. ही शरणागतीची खूण होय. पाहणाऱ्या माणसाला मात्र तो 'हात हलवून' निरोप देत असल्यासारखा वाटतो आणि मोठी करमणूक होते. या वर्तनाचे पद्धतशीर वर्णन कार्पेंटर, बॅडहॅम व किंबल यांनी १९७० मध्ये आणि ब्रॅटस्ट्रॉम यांनी १९७१ मध्ये केले. अंगाच्या सर्व भागांचा रंगबदल एकाच कारणाने होत नाही, हे २०१६ च्या एका अभ्यासातून पुढे आले. पाठीचा रंग प्रामुख्याने तापमानाशी निगडित असतो, तर दाढी व छातीचा रंग सामाजिक संकेतासाठी वापरला जातो. म्हणजे काळी पडलेली दाढी हा स्पष्ट निरोप असतो. तो ज्याला उद्देशून असतो त्या प्राण्याला तो कळतो. कळत नाही तो घरमालकाला.

निसर्गात बहुतेक तंटे या संकेतांवरच मिटतात, कारण हरलेल्याला पळून जाता येते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी म्हण आपण उपहासाने वापरतो. परंतु हरलेल्या सरड्याच्या दृष्टीने ते कुंपण फार मोलाचे असते. १२० सेंटिमीटर लांबीच्या काचपेटीत त्याला धावायला कुंपणही नसते. तो शरणागती दाखवितो, पण विजेत्याच्या नजरेसमोरून हटू शकत नाही. आणि जो हटत नाही तो अद्याप आव्हान देत आहे, असाच अर्थ विजेत्याकडून घेतला जातो.

'अचानक' या शब्दाची तपासणी :

हद्द राखणाऱ्या सरड्यांना अपुऱ्या जागेत कोंडले, म्हणजे हद्दीची व्यवस्था मोडते आणि तिच्या जागी वर्चस्वाची उतरंड तयार होते. ही उतरंड बहुधा पिल्लांच्या वयातच आकार घेते. एखादे पिल्लू किंचित मोठे असते. ते आधी खाते, अधिक खाते, म्हणून वेगाने वाढते आणि वाढल्यामुळे पुन्हा आधी खाते. काही आठवड्यांत दोघांच्या आकारात डोळ्यांत भरेल असा फरक पडतो. धाकटा भित्रा आहे, किंवा मुळातच नाजूक आहे, अशी प्राणिपालकाची समजूत होते. प्रत्यक्षात तो दडपला गेलेला असतो.

एकमेकांच्या अंगावर पहुडण्याची गोष्टही तपासून पाहण्याजोगी आहे. छायाचित्रांत हे दृश्य मोठे लोभस दिसते. काचपेटीत उष्णतेच्या दिव्याखालची जागा सहसा एकच असते. तिचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर दुसऱ्या टोकाला २५ अंशांच्या जवळपास असते. अतिनील किरणांचा दिवाही बहुधा त्याच बाजूला असतो आणि त्या किरणांवाचून ड जीवनसत्त्व व पर्यायाने कॅल्शियमचे शोषण नीट होत नाही. यास्तव वरचा प्राणी खालच्यावर माया करीत नसतो. तो त्याच्या वाट्याची ऊब व प्रकाश अडवीत असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका दृश्याच्या चुकीच्या अर्थामुळे जितके प्राणी जायबंदी झाले असतील, तितके अन्य कोणत्याही एका कारणाने झाले नसतील.

ऊब हिरावली जाण्याचा आणखी एक परिणाम होतो. हर्ट्झ, ह्यूई व नेव्हो यांनी १९८२ मध्ये अगॅमिडी कुळातील दोन जातींवर केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. उबदार शरीराचा सरडा संकटसमयी पळ काढतो. थंड पडलेला सरडा वेगाने धावू शकत नाही, म्हणून तो जागीच थांबून जबडा उघडतो व चावा घेतो, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण भक्षकापासूनच्या बचावाचे असले, तरी दिव्यापासून हुसकावलेल्या सरड्याबाबत त्यावरून एक अनुमान काढता येते. दुबळा प्राणी जितका थंड, तितका त्याचा पळण्याचा मार्ग बंद आणि चावाचावीची शक्यता अधिक.

या साचलेल्या ताणाला ठिणगी लागते ती बहुधा लैंगिक पक्वतेच्या वेळी. साधारण एक ते दीड वर्षाच्या वयात नर वयात येतो. तसेच हिवाळी सुप्तावस्था संपून प्रजननकाळ सुरू होताना संप्रेरकांची पातळी बदलते. कालपर्यंत शरणागती दाखविणारा नर आज प्रथमच काळ्या दाढीने उत्तर देतो आणि दुसऱ्याच क्षणी चावाचावी होते. काही तासांत घडलेल्या या प्रसंगामागे वर्षभराचा इतिहास असतो. जेवण्यास उशीर करणे, दिव्यापासून दूर कोपऱ्यात बसणे, पोटावर गडद रेघा उमटणे, वजन न वाढणे ही त्याची चिन्हे डोळ्यांसमोर असतात. केवळ त्यांना भांडण म्हणण्याची आपल्याला सवय नसते.

नर-मादीची ओळख व तिच्यातील घोटाळे :

'आमच्याकडे दोन्ही माद्या आहेत' असे अनेकजण ठामपणे सांगतात. वस्तुतः लहान पिल्लांचे लिंग बाहेरून खात्रीने ओळखणे अवघड असते. त्यामुळे विकत घेतलेल्या 'मादी'चा पुढे नर निघणे ही नित्याची गोष्ट आहे. या जातीत निसर्गाने आणखी एक गुंतागुंत करून ठेवली आहे. तिच्यात नराची गुणसूत्रे झेड-झेड व मादीची झेड-डब्ल्यू असतात. तथापि अंडी सुमारे ३२ अंशांहून अधिक तापमानात उबविली गेली, तर झेड-झेड गुणसूत्रे असलेल्या काही पिल्लांच्या माद्या होतात. २००७ मध्ये प्रयोगशाळेत दिसलेला हा प्रकार निसर्गातही घडतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. अशा लिंगपालट झालेल्या माद्या धिटाईच्या बाबतीत नरांकडे झुकतात, असे त्यानंतरच्या अभ्यासात आढळले. तेव्हा 'मादी म्हणजे शांत' हे समीकरणही निःशंकपणे मांडता येत नाही. दोन सामान्य माद्यासुद्धा अंडी घालण्याच्या जागेवरून झगडू शकतात.

नर व मादी एकत्र ठेवणे हा तर याहून वाईट पर्याय होय. समागमाच्या वेळी नर मादीची मान जबड्यात धरतो. निसर्गात मादी नंतर निघून जाते; पेटीत तिला ती सोय नाही. वारंवार समागम, मानेवरील जखमा आणि अंड्यांच्या एकामागून एक खेपा यांनी तिच्या शरीरातील कॅल्शियमचा साठा खालावतो.

उपाययोजना :

चावाचावी झाल्यास दोन्ही प्राण्यांना त्याच दिवशी व कायमचे वेगळे करावे. काही दिवसांनी 'पुन्हा दोस्ती होते का' हे पाहण्याचा मोह टाळावा. कारण या जातीची तुटलेली शेपटी पालीप्रमाणे पुन्हा उगवत नाही आणि गेलेले बोटही परत येत नाही. शेपटीचा चावलेला भाग काळा व कोरडा पडून वरच्या बाजूस सरकू लागला, तर ऊतकांचा मृत्यू सुरू झाला असे समजावे व पशुवैद्यकाकडे जाण्यास विलंब करू नये. दोघांसाठी स्वतंत्र पेटी, स्वतंत्र उष्णतेचा व अतिनील किरणांचा दिवा असावा. पेट्या शेजारी शेजारी असतील तर मध्ये पुठ्ठ्याचा वा लाकडाचा आडपडदा लावावा. काचेपलीकडील प्रतिस्पर्धी नुसता दिसत राहिला तरी संकेतांची लढाई सुरूच राहते. काही प्राणी तर काचेतील स्वतःच्याच प्रतिबिंबाला पाहून दाढी काळी करतात. अशा वेळी त्या बाजूची काच आतून मातकट कागदाने झाकावी आणि पुढील आठ-दहा दिवस दोघांचे वजन व आहार यांची नोंद ठेवावी. वेगळे केल्यानंतर धाकट्याचे वजन भराभर वाढू लागले, तर आतापर्यंत त्याच्या वाट्याचे काय गेले होते, ते त्या नोंदीतच वाचावयास मिळते.