पकड आणि चाल

भिवंडीच्या यंत्रमागावर पाळी बारा तासांची. खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, झोप मात्र येते. म्हणून गालात तंबाखूची चिमूट. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण चुन्यात मळलेली तंबाखू अजून कोपऱ्यावरच्या टपरीवर मिळते. भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. डॉक्टरांना दिसते ती गाठ. त्या गाठीतली एखादी पेशी आपली जागा सोडून निघते तरी कशी, याचा शोध खारघरला चालतो.

खारघरच्या डोंगरपायथ्याशी टाटा मेमोरियल सेंटरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. त्याचं मूळ परळचं. १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं आणि १९५२ साली कर्करोग संशोधन केंद्र. केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. पुण्याच्या कमल रणदिवे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करून परतल्या आणि १९६०च्या दशकात त्यांनी या केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पेशी काचेच्या बशीत जिवंत ठेवण्याची ही विद्या इथे रुजली, म्हणूनच पुढे जिभेच्या कर्करोगातल्या पेशी वाढवून ‘ए. डब्ल्यू. १३५१६’ ही पेशीमालिका तयार करता आली. पुढची गोष्ट बरीचशी याच पेशींवर घडते.

गालाच्या अस्तरातली सर्वांत खालची पेशी प्रथिनांच्या एका पातळ थरावर उभी असते. तो थर धरून ठेवतात ती इंटेग्रिन नावाची प्रथिनं. ती पेशीच्या पटलातून आरपार गेलेली असतात: बाहेरचं टोक थराला, आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला. माणसात यांच्या २४ जोड्या आहेत. इंटेग्रिन हे नाव १९८६ साली रूढ झालं, आणि त्यांचा छडा लावणाऱ्या रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहटी व टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ साली लास्कर पुरस्कार मिळाला. बहुतेक जोड्यांचं आतलं शेपूट आखूड असतं आणि टॅलिन, व्हिन्क्युलिन अशा मध्यस्थांमार्फत ते अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना जोडलेलं असतं. अ‍ॅक्टिन हा सांगाड्याचा धावता भाग. पुढच्या कडेला तो वाढत जातो आणि पटल पुढे रेटतो. मायोसिन त्याला मागे ओढतं.

चालायचं तर पकड सोडायला हवी, असं कोणालाही वाटेल. भिवंडीचा कारागीर तसं म्हणणार नाही. त्याच्या मागावर ताण्याचा बीम दोर आणि वजनं लावून अडवलेला असतो, पुढचा रूळ कापड गुंडाळत असतो. उभे धागे दोन्हीकडून ताणलेले राहिले तरच कापड नीट सरकतं. पेशीचंही तसंच. पुढे पकड नसेल तर मायोसिनची ओढ वाया जाते. मागची वेळेवर सुटली नाही तर पेशी जागच्या जागी ताणली जाते.

या कुळात अल्फा-६ बीटा-४ ही जोडी जगावेगळी. बीटा-४चं आतलं शेपूट सुमारे हजार अमिनो आम्लांचं, आणि ते अ‍ॅक्टिनला न जाता केराटिनच्या चिवट धाग्यांना बांधलं जातं. ही गाठ मारणारं प्रथिन म्हणजे प्लेक्टिन. आकाराने अवाढव्य, पाचशे किलोडाल्टनच्या वर. त्याच्या एका टोकाला केराटिन, दुसऱ्या टोकाला बीटा-४. हे दुसरं टोक अ‍ॅक्टिनलाही धरू शकतं, पण दोघांना एकदम नाही. एकाला धरलं की दुसरं सुटलं. जखम झाली किंवा वाढीचा संकेत आला की बीटा-४च्या शेपटावर ठरावीक जागी फॉस्फेट बसतात आणि प्लेक्टिनची गाठ सैल होते. मोकळं झालेलं बीटा-४ मग अ‍ॅक्टिनने भरलेल्या पुढच्या कडेला जाऊन पोहोचतं. ज्याने पेशीला खिळवून ठेवलं, तेच आता तिला चालायला हातभार लावतं.

तोंडाच्या बहुस्तरीय अस्तरात केराटिन ८ एरवी नसतं. कर्करोगात ते उगवतं. अ‍ॅक्ट्रेकमधल्या मिलिंद वैद्य यांच्या गटाने जिभेच्या त्या पेशींमध्ये ते कमी केलं. २०११ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: पेशींची हालचाल आणि घुसखोरी मंदावली, अ‍ॅक्टिनची मांडणी बदलली, अ‍ॅक्टिनच्या जुड्या बांधणारं फॅसिन घटलं आणि बीटा-४चे संकेतही क्षीण झाले. नुसतं बीटा-४ कमी केलं तरी परिणाम जवळपास तेच. २०१७ साली याच गटाने प्लेक्टिनसारखे जोडणारे दुवे कमी केले; तेव्हाही पेशी अडखळल्या.

त्याच संस्थेत सोराब दलाल यांच्या गटाला मात्र उलट चित्र दिसलं होतं. शेजारच्या दोन पेशींना सांधणारं प्लाकोफिलिन-३ कमी केल्यावर पेशी एकमेकींपासून सुटल्या आणि कर्करोग जास्त पसरला. २०१२ साली त्याची साखळी उलगडली आणि तीही केराटिन ८ पाशीच जाऊन थांबली: पी.आर.एल.-३ नावाचं विकर वाढतं आणि केराटिन ८ वरचं फॉस्फेट काढून टाकतं. एक पकड गेली तर रोग थबकतो, दुसरी गेली तर मोकाट सुटतो.

आता यातून औषध काढायचं कसं? बीटा-४ सरसकट बंद केलं तर धड पेशींचाही पाया सुटेल. हे प्रथिन किंवा प्लेक्टिन जन्मतः सदोष असलेल्या मुलांच्या कातडीवर साध्या घासण्याने फोड येतात. दुसऱ्या इंटेग्रिनांचा अनुभवही सावध करणारा आहे. सिलेंगिटाइड हे औषध मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमासाठी तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीपर्यंत पोहोचलं, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं नॅटालिझुमॅब २००४ साली मंजूर झालं, मेंदूच्या घातक विषाणूसंसर्गामुळे पुढच्याच वर्षी मागे घेतलं गेलं आणि २००६ साली कडक देखरेखीखाली परत आलं.

बशीची अडचण वेगळीच. तिथे पेशी सपाट प्लास्टिकवर चालते. तोंडात तिला चहूबाजूंनी ऊती दाबत असतात. २००८ साली संशोधकांनी उंदरांच्या काही पांढऱ्या पेशींमधली सगळी इंटेग्रिनं काढून टाकली. सपाट पृष्ठभागावर या पेशींना चिकटता येईना, पण ऊतींच्या जाळ्यातून त्या जवळपास पूर्वीच्याच वेगाने सरकल्या: अ‍ॅक्टिन पुढे वाढवत, अंग आक्रसून, फटी शोधत. कर्करोगाच्या काही पेशीही पकडीची वाट बंद केल्यावर या दुसऱ्या चालीवर येतात. त्यामुळे ए. डब्ल्यू. १३५१६ च्या बशीत मंदावलेली पेशी रुग्णाच्या जिभेतही मंदावेलच, असं त्या प्रयोगांवरून धरून चालता येत नाही.